फेरीतला मौनाचा नेम

ब्रह्मगिरीची फेरी बोलत घालू नये, मनात असेल ते फक्त डोंगराला सांगावं, माणसाला सांगितलं की फळ जातं, असं आता बऱ्याच बायका म्हणतात. सटाण्याकडून जीप भरून येणाऱ्या बायका तर पेगलवाडी आली की तोंडाला पदर लावतात. हा नेम कोणत्याही पोथीत नाही. तो मी काढला. नव्वदच्या दशकात, एका श्रावणी सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझी मोठी नणंद फार बोलत होती म्हणून काढला. त्या वेळी तिच्या डाव्या स्तनात गाठ होती आणि तेच मला सांगायला ती एवढ्या लांबून आली होती.

मी नर्स. नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात पंचवीसहून जास्त वर्षं काढली. माझं माहेर त्र्यंबकेश्वरचं. वडिलांचं कुशावर्ताजवळ पूजासाहित्याचं दुकान होतं. ब्रह्मगिरी आमच्या मागच्या अंगणातून दिसायचा. लोक त्याला हात जोडायचे आणि आम्ही त्याच्याकडे बघून ठरवायचो, की पापड वाळत घालायचे की नाही. माथा ढगात गेला की पापड आत.

वडील गिऱ्हाइकाला सामान बांधून देता देता डोंगराची गोष्ट सांगत. ती त्यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकली आहे, की झोपेतही म्हणेन. मोठा दुष्काळ पडला. गौतम ऋषींच्या आश्रमात मात्र वरुणाच्या वराने पाणी होतं, धान्य पिकत होतं. बाकीचे ऋषी त्यांच्याकडे येऊन राहिले, जेवले आणि शेवटी त्यांच्यावरच जळू लागले. त्यांनी एक मायेची गाय शेतात सोडली. गौतमांनी तिला हाकलायला दर्भाची काडी उगारली, काडी लागली आणि गाय मेली. गोहत्येचं पाप लागलं. मग ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घाल, तप कर, गंगा आण, तेव्हा सुटशील, असं ठरलं. शंकर प्रसन्न झाले आणि त्यांनी डोंगरावर जटा आपटल्या. त्या खुणा वर खडकावर आजही दाखवतात. गंगा उतरली, पण ती थांबेना. इथे दिसायची, तिथे लपायची. शेवटी गौतमांनी कुशाच्या काड्यांनी तिला अडवलं, ते कुशावर्त. म्हणून हा डोंगर म्हणजे नुसता डोंगर नाही, प्रत्यक्ष महादेवच आहे, असं वडील म्हणायचे. एवढं झालं की पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. फेरी घालणारा माणूस गौतमाच्या पावलावर पाऊल ठेवतो, हे त्यांचं शेवटचं वाक्य असे.

सासरी या गोष्टीमुळे मला उगाच मान होता. त्र्यंबकची लेक म्हणून कोणत्या वाराला काय चालतं, नारळ कुठे फोडायचा, हे मला विचारायचे. वर मी नर्स. म्हणजे देवाचंही मला कळतं आणि देहाचंही. दोन्हीकडून माझा शब्द शेवटचा.

ही नणंद, म्हणजे अक्का, माझ्या नवऱ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. लग्न करून सटाण्याजवळच्या एका खेड्यात गेल्या आणि तिथल्या कांद्यात मुरल्या. बोलणं अहिराणी झालं, आवाज मोठा झाला. माणूस मोकळा. एसटीतून उतरेपर्यंत कंडक्टरच्या बायकोचं बाळंतपण कुठे झालं, हे त्यांना कळलेलं असे. त्या श्रावणात त्यांचं पत्र आलं, दुसऱ्या सोमवारी फेरीला येते, वहिनीने सोबत यावं, दुसरं कोणी नको.

दुसरं कोणी नको, हे वाचूनही मला काही वाटलं नाही. माझ्या तीन रात्री सलग ड्युटीच्या झाल्या होत्या. सकाळी वॉर्डातून सुटले, अंघोळ केली, जुन्या सीबीएसवरून त्र्यंबकची गाडी धरली. आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेल्या अक्का शेजारी बसून बोलत होत्या आणि मी खिडकीला डोकं टेकून हुंकार देत होते. खरं तर मला त्या दिवशी जायचंच नव्हतं. पण नणंदेला नाही म्हटलं तर सासूबाई आठवडाभर तोंड फिरवून बसल्या असत्या.

कुशावर्तात पाय बुडवले आणि अनवाणी निघालो. बारीक सर येत-जात होती. वाटेत चिखल, मधूनमधून खडी. आजूबाजूला पोरांचे घोळके, 'बम बम भोले' चाललेलं. अक्का कांद्यावर आल्या. कांदाचाळीत पाणी शिरलं, खालचा थर सडला, थोरल्याला सांगितलं होतं, पत्रा बदल, तो ऐकेल तर ना. मग म्हैस. मग सुनेच्या हाताला मीठ जास्त. मग मध्येच,

"वहिनी, तुना दवाखानामा बायांसाठी डॉक्टर बाईच ऱ्हास ना?"

"असतात की. पुरुषही असतात."

"पण बाईले बाईच तपासस ना?"

"मागितलं तर मिळते बाई. का हो? सुनेला दाखवायचंय?"

"नही. आपलं इचारं."

आणि पुन्हा म्हैस. पिशवी त्यांनी उजव्या खांद्यावर घेतली होती आणि डावा हात अंगाशी घट्ट धरला होता. मी म्हटलं, द्या माझ्याकडे पिशवी, तर म्हणाल्या, "माले काय धाड भरनी?" तो हात मला दिसला होता. वॉर्डात एखादी बाई असा हात धरून दारातून आत आली असती, तर मी तिला बसवून आधी पदर बाजूला करायला लावला असता. रस्त्यावर मी नर्स नव्हते, झोप न झालेली भावजय होते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पटत नाही.

पेगलवाडीच्या पुढे चढ लागला. माझ्या टाचेत खडा रुतला होता, डोकं ठणकत होतं. अक्का म्हणाल्या,

"आमनी गल्लीमा एक बाई शे. तिले ना…"

आता गल्लीतल्या बायका सुरू होणार आणि पुढच्या पहिने गावापर्यंत पुरणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी हात वर केला.

"अक्का, एक सांगायचं राहिलं. इथून पुढे बोलायचं नसतं."

"आँ?"

"गौतम ऋषींनी फेरी मौनात घातली. गाय मेल्याची लाज होती ना. जे मनात होतं ते फक्त डोंगराला सांगितलं. म्हणून इथून पुढे आपणही मनातलं डोंगरालाच सांगायचं. माणसाला सांगितलं की फळ जातं."

वडिलांच्याच आवाजात, त्यांच्याच चालीत सांगितलं. मला अडखळायलाही झालं नाही. शेवटचं वाक्य तर मी गंमत म्हणून जोडलं. नुसतं गप्प बसा म्हटलं असतं तर अर्ध्या तासात पुन्हा सुरू झाल्या असत्या. नेमाला धाक लागतो, हे दुकानात वाढलेल्या मुलीला माहीत होतं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडं होतं ते मिटलं. पदर तोंडाला लावला आणि चालू लागल्या.

त्यानंतर चार-पाच तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वाटेत कोणी चहा विचारला तर मान हलवायच्या. मला फार बरं वाटलं. पायाखाली बघत, अर्धवट झोपेत मी फेरी पूर्ण केली. सापगावच्या बाजूला एके ठिकाणी ढग वर गेले आणि पूर्ण कडा दिसला, तिथे त्या थांबल्या. हात जोडून उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. मी थोडं पुढे जाऊन दगडावर बसले, टाचेतला खडा काढला, दोन केळी खाल्ली, तरी त्यांचं संपलं नव्हतं.

त्र्यंबकच्या स्टँडवर आल्यावर मी विचारलंही, "काय हो अक्का, तुमच्या गल्लीतल्या बाईचं काय सांगत होतात?" त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मग हसून म्हणाल्या, "आते नही. फळ जाई."

तिथे मी म्हणू शकले असते, की अहो, गंमत केली. समोर गाडी लागत होती, जागा धरायची होती.

पुढचं जानेवारीत कळलं. संक्रांत होऊन गेली होती. थोरला भाचा अक्कांना घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, आईला ताप येतोय, अंगाला वास येतोय, आणि ती कोणाला जवळ येऊ देत नाही. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि चोळीची बटणं काढली. त्यांनी आतून जुन्या धोतराच्या घड्या लावल्या होत्या. मी असे स्तन नोकरीत पाहिले होते. घरात पाहिला नव्हता.

"कधीपासून अक्का?"

"आखाडापासून गाठ व्हती. बोराएवढी."

"मग मला का नाही सांगितलंत? श्रावणात आला होतात ना!"

"सांगाले तर उनू व्हतू," त्या म्हणाल्या. "मंग डोंगरले सांगं. तूच तं म्हणनी, माणसले सांगो नही. मी पाच महिना वाट दखी."

रागाने म्हणाल्या नाहीत. डॉक्टरांचा सल्ला पाळल्याचं सांगावं, तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी तपासलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरात सिस्टर असून इतका उशीर?" मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाल्या, "वहिनीले माहीत नव्हतं हो. मना नेम व्हता." बाईंनी मान हलवली. असे नेम आम्ही रोज ऐकायचो आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर हसायचो. केसपेपर माझ्या हातात होता. मी त्यावर लिहिलं, 'सहा महिन्यांपासून गाठ. रुग्णाने धार्मिक समजुतीमुळे कोणास सांगितले नाही.' माझं अक्षर चांगलं आहे, कुठे खाडाखोड झाली नाही.

स्तन काढला. मग रेडिएशनचे शेक दिले, सलाईनमधून औषधं दिली. अक्कांचे केस गेले, पुन्हा आले. या सगळ्या काळात मी त्यांचं फार केलं. सुट्ट्या टाकल्या, डबे नेले, ड्रेसिंग स्वतः केलं. घरात, नात्यात माझं नाव झालं. अशी भावजय मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणायचे आणि मी पातेली घासायला आत निघून जायचे.

नवऱ्याला मात्र एकदा सगळं सांगितलं. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "आता सांगून तिला काय मिळणार? डोंगरामुळे वाचले, असं ती समजते. तेवढाच आधार आहे. तो काढून घेणार का तू?"

मला हवं होतं तेच तो बोलला. मी लगेच मानलं. दुसऱ्याच्या आधाराची काळजी म्हणून गप्प राहायला मिळालं तर कोणाला नको असतं?

पण अक्का बऱ्या झाल्या आणि नेम पसरू लागला. दर श्रावणात त्या गल्लीतल्या, भावकीतल्या बायका घेऊन यायच्या. आधी चौघी, मग जीप. मुक्कामाला आमच्याकडेच. सकाळी अंगणात सगळ्यांना ओळीने बसवून समजवायच्या, पेगलवाडीपासून मौन, मनातलं फक्त डोंगराला, माणसाला सांगितलं की फळ जातं. मी त्या वेळी त्यांच्या पानात पोहे वाढत असायची. कोणी शंका काढली तर अक्का माझ्याकडे बोट दाखवत. "त्र्यंबकनी लेक शे ती. तिले इचारा." मी म्हणायची, "चहा घ्या, गार होतोय."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आजार परत आला, या वेळी पाठीच्या मणक्यात. डावा हात तर ऑपरेशनपासूनच सुजलेला असायचा. अक्का आता खाटेवर होत्या, पण डोकं आणि तोंड शाबूत. एका रविवारी त्यांनी निरोप पाठवून मला गावी बोलावलं. गेले तर ओट्यावर पंधरा-वीस बायका बसवलेल्या. खाट मधोमध.

"ही मनी वहिनी," अक्का म्हणाल्या. "हिनीच माले वाचाडं. तुमना छातीले काय व्हई ते हिले इचारा. लाजानं नही. माले उशीर व्हयना, तुमले नको."

त्यांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या. उशीर झाला हेही आणि नेम बरोबर होता हेही. मी आमच्या दवाखान्याच्या शिबिरांत सांगतो तसं सांगितलं. अंघोळीच्या वेळी बोटांनी कसं चाचपायचं, काखेत कसं बघायचं, दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. बायका एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "आता चाचपायला उरलंय काय, दोन्ही जिरलं!" हशा पिकला. अक्काही हसल्या.

मागे खांबाला टेकून एक तरुण सून बसली होती, मांडीवर पोर पाजत. निफाडकडची असावी. तिने सगळ्यांचं हसू थांबल्यावर विचारलं,

"सिस्टर, म्या औंदा फेरीत डोंगराला सांगितलंय. आता तुम्हाला सांगितलं तर फळ जाईन ना?"

मी काही म्हणायच्या आत अक्कांनी मान डोलावली. "जाईच," त्या म्हणाल्या.

पोरगी खाली बघून पोराच्या अंगावरचं फडकं सारखं करू लागली. गाठ आहे, हे तिने सांगितलंच होतं, फक्त तिला ते कळलं नव्हतं. आता ती उठून घरी गेली असती.

"नाही जाणार," मी म्हटलं. "असा नेमच नाही."

"कसा नही? तूच तं सांगेल शे."

"खोटं सांगितलं होतं अक्का."

कोणी तरी मागे पोराला दटावत होतं, ते थांबलं.

"तुम्ही बोलत होतात. मला रात्रपाळीने झोप येत होती. तुम्ही गप्प बसावं म्हणून मी ते तिथल्या तिथे रचलं. गौतम ऋषींचं, डोंगराला सांगायचं, फळ जाण्याचं, सगळं. पोथीत काही नाही."

"आगं बाई," ती म्हातारी म्हणाली, "त्र्यंबकची लेक अन् खोटं!"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या नाहीत. त्यांनी सुजलेला डावा हात उजव्या हाताने उचलून उशीवर नीट ठेवला. त्याला वेळ लागला. कोणी मदतीला पुढे झालं नाही, मीही नाही. मग मान वळवून त्या पोरीला म्हणाल्या,

"आयकं ना? मंग सांग तिले."

मी पोरीला आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे नेलं. गाठ सुपारीएवढी होती, बोटाखाली सरकत होती. बरं लक्षण होतं, पण मी तसं बोलले नाही. आजच माझ्याबरोबर नाशिकला चल, एवढंच म्हटलं. तिच्या सासूने आढेवेढे घेतले, तर ओट्यावरून अक्कांचा आवाज आला, "जाऊ दे तिले!" तेवढ्यावर ते मिटलं.

बाहेर आले तेव्हा बायका पांगल्या होत्या. मी निघायला लागले. आजवर निघताना अक्का स्वतः उठून मला कुंकू लावायच्या, खाटेवर आल्यापासून मला खाली वाकायला सांगून लावायच्या. त्या दिवशी घरच्या सुनेला म्हणाल्या, "लाय तिले कुंकू." आणि भिंतीकडे वळल्या.

पोरीची गाठ साधी निघाली. मी अक्कांच्या शेजारच्या घरी फोन करून निरोप ठेवला. उलट निरोप आला, बरं झालं.

त्यानंतर अक्का तीन महिने होत्या. शेवटचा महिना मी रजा टाकून तिकडेच राहिले, कारण इंजेक्शनं द्यायला गावात कोणी नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी त्या बोलायच्या. म्हैस कोणाला विकायची, चाळीचा पत्रा बदलला का, धाकट्या नातीचे कान टोचायचे राहिले. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच. माझ्याशी मात्र कामापुरतं. पाणी. उशी. पुरे. मला वाटायचं, त्या एकदा तोंड सोडून शिव्या देतील. बाईच्या जातीला शोभणार नाहीत अशा शिव्या त्यांना येत होत्या, मी ऐकल्या होत्या.

एका दुपारी घरातले सगळे कांदा भरायला गेले होते. आम्ही दोघीच. मी खाटेजवळ बसले आणि शेवटी विचारलं,

"अक्का, मला काही बोलायचंय का तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं. मी पेशंटच्या नातेवाइकासारखी हात मांडीवर घेऊन बसले होते.

"कूस बदलाव," त्या म्हणाल्या.

मी एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांना वळवलं आणि पाठीला उशी लावली.